तुरन्नाच्या पाठशाळेतली दोन वर्षं

आजचं वाचन : प्रेषितांची कृत्ये १९:८-१० व २०:३३-३५, कलस्सैकरांस पत्र १:३-८



इफिसच्या सभास्थानात विरोध वाढला, तेव्हा पौलाने तुरन्नाच्या पाठशाळेत रोज शिकवायला सुरुवात केली. हे दोन वर्षं चाललं. लूक सांगतो की त्यामुळे आशिया प्रांतातल्या सगळ्यांच्या कानांवर प्रभूचं वचन गेलं. पौल तर एकाच ठिकाणी शिकवत होता. मग वचन प्रांतभर गेलं कसं?

शिकणारे आपापल्या गावी परत गेले, म्हणून. कलस्सै हे गाव इफिसपासून दीडशेहून अधिक किलोमीटर आत. तिथल्या विश्वासणाऱ्यांपैकी अनेकांनी पौलाला पाहिलंही नव्हतं (२:१). त्यांना सुवार्ता सांगितली एपफ्रासाने, आणि तो त्यांच्यातलाच होता (४:१२). तो इफिसातच पौलाकडे शिकला असावा, असं बरेच अभ्यासक मानतात.

आणखी एक गोष्ट बघा. काही जुन्या हस्तलिखितांत या वचनाला छोटी भर आहे : पाचव्या तासापासून दहाव्या तासापर्यंत. म्हणजे साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार. उन्हामुळे लोक काम थांबवत, ती वेळ. आणि इफिसात आपण हातांनी कमावून गरजा भागवल्या, असं पौल स्वतःच सांगतो (२०:३४). ती भर खरी धरली, तर शिकवणाराही कामावरून येत होता आणि ऐकणारेही.

हा भाग मी सध्या पुन्हा पुन्हा वाचतोय, कारण प्रश्न माझ्याच घरचा आहे. माझं शिक्षण इंजिनीअरिंगचं, काम सॉफ्टवेअरचं, आणि ते मी चिखलदऱ्यातून घरी बसून करतो. आमची मंडळी लहान आहे. पाळकसाहेब महिन्यातून एकदा घाट चढून येतात. बाकी रविवारी वडीलजन आणि मी वचन सांगतो. एम.डिव्ह. करावं, असं मनात घट्ट बसलंय. पूर्णवेळ केलं तर साधारण तीन वर्षं वसतिगृहात. हे बोललो तेव्हा मंडळीतल्या एका कोरकू आजीने विचारलं, "बाबू, तू बी शिकाले गेला, त मांगं कोन रायते?"

हा प्रश्न जगात इतरांनीही झेलला आहे. ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीने १९६३ मध्ये ओळखलं की खेड्यातल्या मंडळ्या ज्यांच्या खांद्यावर आहेत, ते शेती आणि संसार सोडून येऊ शकत नाहीत. मग शिक्षकच त्यांच्याकडे जाऊ लागले. घरी धडे, ठरावीक दिवशी गटात चर्चा, आणि शिकलेलं लगेच मंडळीत वापरायचं. हीच पद्धत भारतात टाफ्टी या संस्थेने १९७१ पासून चालवली. सेरामपूर सिनेटचेही नोकरी करणाऱ्यांसाठी बाह्य अभ्यासक्रम आहेत. आता काही सेमिनऱ्या पदव्युत्तर अभ्यासही ऑनलाइन किंवा अर्धवेळ देतात.

मग वसतिगृहाची गरज नाही का? आहे. आपल्या वऱ्हाडातच, यवतमाळला, १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. अशा ठिकाणी ग्रंथालय असतं, रोजची उपासना असते, आणि तुमचा अहंकार जवळून बघणारे शिक्षक नि सोबती असतात. स्क्रीनवर कॅमेरा बंद करता येतो. एका ताटावर जेवणाऱ्या सोबत्यापासून लपता येत नाही. ही उणीव लवचीक अभ्यासक्रमात आपोआप भरून निघत नाही, ती आपल्याला भरावी लागते.

म्हणून कुणी असा विचार करत असेल, तर प्रवेशाआधी तीन गोष्टी विचारा.

१. माझ्या मंडळीला ही पदवी चालते का? दीक्षेसाठी अनेक मुख्य प्रवाहातल्या मंडळ्या सेरामपूरची बी.डी. मागतात. आधी पाळकांना, बिशपांना विचारा, मगच फी भरा.

२. माझ्यावर नजर कोण ठेवणार? अभ्यासाच्या शिक्षकाखेरीज गावातलं, मंडळीतलं एक माणूस हवं, जे तोंडावर खरं बोलेल.

३. वेळ कुणाचा जाणार? "लवचीक" म्हणजे फुकट नाही. ते तास झोपेतून जातात, नाहीतर बायकोमुलांच्या वाट्यातून. घरच्यांना विचारल्याशिवाय त्यांचा वेळ देवाला अर्पण करू नये.

शिक्षण मोठं की सेवा, असा झगडा लावायची गरज नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनचा सगळा व्याप सांभाळत हिब्रू आणि ग्रीक आत्मसात केल्या आणि पूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. त्यांच्या अभ्यासाचं टेबल आणि सेवेचं आवार एकच होतं.

मी अर्धवेळचा अर्ज भरतोय. जास्त वर्षं लागतील. पावसाळ्यात दिवे जातील, रेंज जाईल, आणि सोमवारी ऑफिसचं काम कुणी कमी करणार नाही. पण रोमकरांस पत्रावर जे शिकेन, ते त्याच रविवारी आजींना समजेल असं सांगावं लागेल. नाही सांगता आलं, तर मलाच अजून कळलेलं नाही. याहून कडक परीक्षा कुठली सेमिनरी घेणार?

आज विचार करा : मी जे शिकतोय, ते कुणाच्या गावी परत जाणार आहे?

प्रार्थना : हे प्रभू, आम्हाला शिकण्याची भूक दे, आणि ज्यांच्यासाठी शिकतो त्यांचा विसर पडू देऊ नकोस. जे घर सोडून शिकायला जातात त्यांना सांभाळ. जे घरी राहून शिकतात त्यांना चिकाटी दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.