मैलागाळ थेट वाफ्यात नको

पावसाळा सरला. पालक, मुळा, लाल माठाचे वाफे धरायची ही वेळ. काशीमिरा, चेणे, वरसावे भागातल्या वाडीवाल्यांना या दिवसांत कुणी सांडपाणी केंद्राचा गाळ फुकट देऊ केला, तर मोह होणारच. त्यात नत्र-स्फुरद भरपूर असतं. पण कच्चा गाळ पालेभाजीत घालू नका.

शहरभर घेतलेल्या प्रतिजैविकांचा बराच अंश लघवीवाटे गटारात उतरतो. त्या गोळ्यांना न जुमानणारे जंतू गाळात साठतात आणि ही ताकद देणारी जनुकं एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातात. मुळा तर त्याच मातीत वाढतो आणि कच्चाच खाल्ला जातो.

यावर उपाय आहे तो पाणकणसाच्या खाचराचा. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेचं फायटोरिड तंत्र ऐकलं असेल, ते सांडपाण्यासाठी. गाळाचं खाचर निराळं. तळ पक्का, त्यात निचऱ्याचा पाइप, त्यावर खडी, मग वाळू, आणि वर पाणकणीस किंवा देवनळ. बँकॉकजवळच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सेप्टिक टाक्यांचा मैला अशा खाचरांत आठवड्यातून एकदा सोडून पाहिला. निथळणारं पाणी सहा दिवस अडवून धरलं, तेव्हा झाडं सुकायची थांबली. आपल्या उन्हातही हे सांभाळावंच लागेल. नाहीतर पाणकणीस पिवळं पडतं आणि उरतो नुसता उकिरडा. निथळलेलं पाणी परत केंद्रातच न्यायचं, खाडीत सोडायचं नाही.

मुळांनी केलेल्या वाटांनी पाणी उतरतं, हवा शिरते, औषधांचे काही अंश कुजतात, रोगजंतू मरतात. प्रतिकाराची जनुकं कमी होतात, संपत नाहीत. जड धातू तर जागचे हलत नाहीत; गाळ कुजून आटला की किलोमागे त्यांचं प्रमाण उलट वाढतं. त्यातही तांबं आणि जस्त फार झालं, तर प्रतिकारक जंतूंचंच फावतं. म्हणून तपासणी अहवाल हातात पडल्याशिवाय ट्रॉली उतरवून घेऊ नका. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टात किलोमागे कॅडमियम ५, शिसं १००, तांबं ३०० आणि जस्त १००० मिलिग्रॅमच्या आत हवं.

खाचरातून काढलेल्या मालात सुका पाला मिसळून ढीग लावा. ५५ अंशांवर १५ दिवस राहू द्या, तेवढ्यात पाच वेळा उलथा. हातमोजे आणि गमबूट घालूनच. मग तो झेंडूला किंवा फळझाडांच्या आळ्यांत घाला. पालेभाजीला मात्र चांगलं कुजलेलं शेणखतच द्या.