शुगर नॉर्मल आली, तरी तहान का भागत नाही?

दिवसभर तहान आणि रात्री चार-पाच वेळा लघवीला उठणे, अशी तक्रार असली की डॉक्टर आधी शुगर तपासतात. ते बरोबरच आहे, कारण मधुमेह हे त्याचे नेहमीचे कारण आहे. पण शुगर नॉर्मल आली की बहुतेक जण निश्चिंत होतात. घरचे म्हणतात, "पाणी कमी पी, म्हणजे उठावं लागणार नाही." वस्तीत हा सल्ला लगेच पटतो. नळाला पाणी थोडाच वेळ असते, शौचालय सार्वजनिक असते आणि रात्री तिथवर जायला बायामुलींना भीती वाटते. पण काही आजारांत पाणी तोडणे जिवावर बेतते. त्यांपैकी एक म्हणजे नेफ्रोजेनिक डायबेटिस इन्सिपिडस. हा आजार क्वचित आढळतो, म्हणूनच तो ध्यानात येत नाही.

हा आजार काय आहे?

नावात डायबेटिस असले तरी साखरेशी याचा संबंध नाही. 'इन्सिपिडस' म्हणजे बेचव. मधुमेहात लघवीतून साखर जाते, यात नुसते पाणी जाते. नावामुळे गोंधळ होतो म्हणून २०२२ साली तज्ज्ञांनी 'आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन रेझिस्टन्स' हे नवे नाव सुचवले. कागदावर दोन्हीपैकी कोणतेही नाव दिसू शकते.

शरीरात पाणी कमी पडले की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक रक्तात सोडते. मूत्रपिंडाला तो निरोप असतो : पाणी राखून ठेवा. मग मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांतली पाण्याची दारे उघडतात आणि पाणी रक्तात परत जाते. निरोपच निघाला नाही, तर तो आजाराचा मेंदूकडचा प्रकार. निरोप येतो पण मूत्रपिंड त्याला दाद देत नाही, तो नेफ्रोजेनिक प्रकार. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण दीड-दोन लिटर लघवी होते. या आजारात ती तीन लिटरच्या वर जाते, कधी दहा लिटरच्याही पुढे. रंग पाण्यासारखा फिका असतो.

कारणे

१) जन्मजात : हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो आणि तो मुलग्यांत जास्त दिसतो. आईला स्वतःला त्रास नसतो किंवा थोडाच असतो. यात आईचा काहीही दोष नाही. सासरच्यांनी हे नीट समजून घ्यावे. याचा दुसरा, कमी आढळणारा प्रकार आई-वडील दोघांकडून येतो. जवळच्या नात्यात लग्न झाले असेल तर त्याची शक्यता वाढते.

२) औषधे : मोठ्यांमध्ये सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे लिथियम. हे मानसिक आजारावरचे उपयुक्त औषध आहे. ते आपल्या मनाने बंद करू नका. तहान-लघवी वाढल्याचे डॉक्टरांना सांगा.

३) रक्तातील क्षार : कॅल्शियम फार वाढणे किंवा पोटॅशियम फार कमी होणे.

४) मूत्रमार्गात बराच काळ अडथळा, तसेच मूत्रपिंडाचे जुने आजार.

५) सिकलसेल : विदर्भात आपल्या समाजात हा आजार आढळतो. त्यात लघवी घट्ट करण्याची मूत्रपिंडाची ताकद लहानपणापासूनच कमी होत जाते. असे मूल अंथरूण ओले करते म्हणून त्याला मारू नका आणि त्याचे पाणीही तोडू नका. पाणी कमी पडले तर सिकलसेलच्या वेदनांचा झटका येऊ शकतो.

तान्ह्या बाळात ओळखायचे कसे?

बाळ तहान सांगू शकत नाही. सतत ओली लंगोटी, कारण न सापडणारा पुन्हा पुन्हा ताप, उलट्या, बद्धकोष्ठता, किरकिर आणि वजन न वाढणे, अशी लक्षणे एकत्र दिसली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. रक्तातले सोडियम वारंवार वाढले तर बाळाच्या मेंदूला इजा होते. वेळेत निदान झाले तर ती टाळता येते.

निदान कसे होते?

पहिली पायरी घरची आहे. सकाळची पहिली लघवी सोडून द्या. त्यानंतरची सगळी लघवी, दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या पहिल्या लघवीसह, मोठ्या कॅनमध्ये जमा करून मोजा. किती पाणी प्यालो तेही लिहा. हा कागद डॉक्टरांच्या फार उपयोगी पडतो.

दुसरी पायरी रक्त आणि लघवीची : शुगर, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि लघवीचा घट्टपणा, म्हणजे ऑस्मोलॅलिटी. अडथळा पाहण्यासाठी सोनोग्राफी होते.

तिसरी पायरी पाणी बंद ठेवण्याच्या चाचणीची. काही तास पाणी न देता वजन, रक्त आणि लघवी वारंवार तपासतात. मग डेस्मोप्रेसिन हे औषध देतात. त्याने लघवी घट्ट झाली तर दोष मेंदूकडचा. फारसा फरक पडला नाही तर मूत्रपिंडाचा. ही चाचणी फक्त रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली करायची. घरी कधीही करून पाहू नका. काही मोठ्या ठिकाणी कोपेप्टिन ही रक्ततपासणी आणि जनुक तपासणीही होते.

आपण काय करायचे?

निदान होईपर्यंत तहान लागेल तेवढे पाणी द्या. शाळेत मुलाला पाण्याची बाटली आणि लघवीला जायची मुभा मिळावी, असे बाईंना स्पष्ट सांगा. निदान झाले असेल तर त्याचा कागद जवळ ठेवा आणि रुग्णालयात दाखल होताना आधी दाखवा, कारण कोणते सलाईन लावायचे ते त्यावर ठरते. उलट्या-जुलाब झाले, रुग्ण सुस्त झाला किंवा बरळू लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

आणि शुगर नॉर्मल आली तरी तिथेच थांबू नका. "मग इतकी लघवी का होते?" असे डॉक्टरांना विचारा. तो तुमचा हक्क आहे.