करंट गेला कुठे?

पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात पाण्याच्या टाकीखाली उभी असलेली मोटरसायकल तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. सीटवर कावळ्यांची शीट, दोन्ही टायर बसलेले, चेन गंजून लाल. ती आपल्या मेसच्या मामांची. शंभर सीसी, फोर-स्ट्रोक, किक-स्टार्ट. आजारपणात मामा गावी गेले आणि गाडीने दोन पावसाळे तिथेच काढले. गेल्या ऑगस्टमध्ये मामा म्हणाले, "भंगारवाला बाराशे देतोय, देऊन टाकतो." त्यांच्या मुलीला आयटीआयला ऍडमिशन मिळाली होती, सकाळच्या एसटीचा काही भरवसा नाही, आणि गाडी चालू झाली असती तर तिलाच हवी होती. आम्ही तिघं मेकॅनिकल थर्ड इयरचे. म्हटलं, "मामा, आठ दिवस थांबा." इंजिनिअर ना आम्ही!

इंजिन चालू व्हायला तीन गोष्टी लागतात हे फर्स्ट इयरलाही माहीत असतं: पेट्रोल-हवेचं मिश्रण, कंप्रेशन आणि वेळेवर पडणारी ठिणगी. जुनं, वास मारणारं पेट्रोल काढलं, कार्बरेटर धुतला. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून किक मारली तर अंगठा ढकलला जात होता, म्हणजे कंप्रेशन ठीक. राहिली ठिणगी. गॅरेजच्या भाषेत 'करंट'.

करंट बघायची पद्धत सोपी आहे, पण ती नीट करा. प्लग काढून कॅपमध्येच बसवायचा, त्याचे आटे इंजिनच्या हेडला टेकवायचे आणि किक मारायची. निळी, टचकन आवाज करणारी ठिणगी दिसली पाहिजे. पेट्रोलचा कॉक बंद ठेवा आणि प्लग त्याच्या भोकापासून लांब धरा, कारण आतून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. प्लग हाताने धरू नका, रबरी मुठीच्या पकडीने धरा. आमच्यातल्या एकाने हाताने धरला आणि नंतर दहा मिनिटं काही बोलला नाही. (तेव्हा करंट नव्हता असं आम्ही ठरवून टाकलं होतं. होता, फक्त कधीतरीच होता. ते पुढे.)

आमच्या गाडीत ठिणगी नाही. नवा प्लग घातला, गॅप ०.६ ते ०.७ मि.मी. ठेवली. नाही. प्लगची कॅप वायरवर आट्यांनी बसते, ती फिरवून काढली तर आतलं तांबं हिरवं पडलेलं. मामा बघत उभे होते, म्हणाले, "कळकलंय की." पितळेच्या भांड्यात दही ठेवल्यावर होतं तसं. वायरचं अर्धा सेंटीमीटर टोक कापून कॅप परत बसवली. तरी नाही.

इथे आम्ही घोडचूक केली. नाक्यावरच्या मेकॅनिकने लांबूनच सांगितलं, "सीडीआय गेलाय." आम्हालाही ते पटलं, कारण सीडीआय म्हणजे काळी डबी, आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याच्यावर ढकलणं सोपं. मामांनी चारशे ऐंशी रुपये दिले. नवी डबी लावली. करंट नाही! दुकानात पाटीच लावलेली आहे, 'इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही.' मामा काही बोलले नाहीत, पण त्या रात्री मेसमध्ये दुसऱ्यांदा भाजी मागायला आमचं तोंड उघडेना.

मग मात्र कागद घेऊन बसलो. हे सर्किट खरं म्हणजे सुंदर आहे. जुन्या शंभर सीसी गाड्यांमध्ये बहुतेक 'एसी सीडीआय' असतो. मॅग्नेट फिरला की एक्सायटर कॉईलमध्ये वीज तयार होते आणि सीडीआयमधला कपॅसिटर भरते. पिस्टन योग्य जागी आला की छोटी पल्सर कॉईल इशारा देते, एससीआर उघडतो आणि कपॅसिटर एका झटक्यात इग्निशन कॉईलच्या प्रायमरीत रिकामा होतो. सेकंडरीत हजारो व्होल्ट तयार होतात आणि प्लगला ठिणगी पडते. कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा आणि ३०० व्होल्टला भरला असं धरा. अर्धा सीव्ही स्क्वेअर काढला तर फक्त ४५ मिलिजूल. एवढ्याशा ऊर्जेवर गाडी चालते, तर मधे कुठे थोडी गळती झाली तरी खेळ खलास.

या सर्किटमध्ये बॅटरी कुठेच नाही. त्यामुळे 'बॅटरी डाऊन, म्हणून करंट नाही' हे अशा गाडीत चुकीचं. (डीसी सीडीआयच्या गाड्यांत मात्र बॅटरी आधी बघायची.) आणि दुसरी गंमत लॉकची. घरातलं बटण बंद केलं की सर्किट तुटतं. इथे उलटं आहे. किल्ली ऑफ केली की लॉक एक्सायटरची वीज एका वायरने बॉडीला, म्हणजे अर्थला जोडतं. कपॅसिटर भरत नाही, इंजिन बंद. म्हणजे या गाडीत बंद करणं म्हणजे जोडणं! मग किल्ली ऑन असतानाही ती वायर कुठेतरी बॉडीला टेकत असेल, तर गाडीच्या दृष्टीने किल्ली ऑफच.

इलेक्ट्रिकलच्या मित्राने मल्टिमीटर आणला. सीडीआयचा कनेक्टर काढून एकेक वायर मोजली. एक्सायटर शे-दोनशे ओहमच्या घरात, पल्सर तसाच, इग्निशन कॉईलची प्रायमरी एक ओहमच्या आत, सेकंडरी काही हजार. (नक्की आकडे गाडीच्या मॅन्युअलमधलेच धरा, मॉडेलप्रमाणे बदलतात.) सगळं ठणठणीत. कॉईलचा बोल्ट चॅसीला जिथे बसतो तिथला गंज पॉलिश पेपरने काढला, कारण कॉईलला अर्थ तिथूनच मिळतो. मग लॉककडे जाणारी काळी-पांढरी वायर आणि हिरवी अर्थची वायर यांच्यात मीटर लावला. किल्ली ऑफ: शून्य. बरोबर. किल्ली ऑन: तरीही शून्य!

लॉकचा कनेक्टर काढला. तरीही शून्य. म्हणजे लॉकही निर्दोष, दोष वायरमध्ये. तेवढ्यात कुणाचा तरी धक्का लागून हँडल उजवीकडे वळलं आणि मीटर एकदम उघडा दाखवायला लागला. सरळ केलं, शून्य. उजवीकडे, उघडा. आम्ही तिघंही ओरडलो. हेडलाईट काढला तर मागे हँडलच्या मानेजवळ उंदराने वायरिंगचं आवरण कुरतडलेलं, आणि काळ्या-पांढऱ्या वायरचं तांबं चॅसीला घासत होतं. जुना सीडीआय परत लावला, हँडल उजवीकडे वळवून किक मारली, निळी ठिणगी! आमच्या मित्राला शॉक कसा बसला तेही तेव्हा कळलं.

म्हणून ठिणगी नसेल तर एसी सीडीआयच्या गाडीत एक पैसाही खर्च करण्याआधी ती काळी-पांढरी वायर सीडीआयजवळ सोडवा आणि किक मारून बघा. (रंग कंपनीप्रमाणे वेगळे असू शकतात, डायग्राम बघा.) ठिणगी आली तर लॉक किंवा त्याची वायर. नाही आली तर कॉईली मोजा. डबी मल्टिमीटरने तपासता येत नाही, म्हणून तिचा नंबर शेवटी. फक्त एक लक्षात ठेवा, ती वायर सुटी असताना इंजिन चालू झालं तर किल्लीने बंद होणार नाही! गिअर टाका, ब्रेक दाबून धरा आणि क्लच सोडा. आणि हे प्रयोग बीएस-६ च्या, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांवर करू नका, तिथलं प्रकरण वेगळं आहे.

वायर सोल्डर केली, टेप गुंडाळला, वरून नळी चढवली. नवव्या किकला गाडीने धूर सोडला आणि चालू झाली. मामांची मुलगी आता रोज सकाळी सव्वासातला मेसच्या मागच्या गेटने जाते.

चारशे ऐंशी रुपये आम्ही मामांना दोनदा द्यायला गेलो, घेत नाहीत. नवी डबी आमच्या टेबलाच्या खणात पडून आहे. कुणाच्या गाडीला बसत असेल तर आमच्या विंगमध्ये येऊन विचारा. पण आधी काळी-पांढरी वायर काढून बघून या.