आयतु म्हणण्याआधी

"अम्मा, अर्थ आयता?" औषधाच्या दुकानातल्या पोरानं विचारलं. मी मान डोलावली आणि म्हणाले, "आयतु." म्हणजे समजलं. खरं तर मला काहीच समजलं नव्हतं, आणि त्या एका शब्दापायी मी मरता मरता वाचले.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात. त्या दुष्काळी मुलखातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगली. तसे माझे सासरे म्हैसूरला आले आणि लष्कर मोहल्ल्यात राहिले. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा मला कन्नडचं अक्षर माहीत नव्हतं. भाजीपाल्यापुरती, शेजारपाजारापुरती भाषा आली आणि मी तेवढ्यावरच थांबले. दवाखान्यात जायची वेळ आली की हे सोबत यायचे. दुखणं माझं, बोलणं यांचं. डॉक्टरही यांच्याकडेच बघून विचारायचे, "कसं आहे त्यांना?"

दुखणं आमवाताचं. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी सुरू झालं. सकाळी उठल्यावर बोटं अशी आखडायची की दाराची कडी निघायची नाही. तास-दीड तास गरम पाण्यात हात बुडवून बसायचं, मग कुठं मूठ वळायची. भाकरी थापताना मनगटातून कळ जायची. वर्षभर मी हे कुणाला सांगितलंच नाही. कामानं होतंय, थंडीनं होतंय, असं स्वतःलाच समजावत राहिले. ते वर्ष मला महाग पडलं. या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते, आणि एकदा झिजलेला सांधा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. सकाळचा आखडलेपणा दीड-दोन महिने सरत नसेल आणि बोटांची पेरं सुजलेली दिसत असतील, तर घरगुती तेलं चोळत बसू नका. संधिवाताच्या डॉक्टरांना गाठा.

अखेर तपासण्या झाल्या आणि औषध लिहून मिळालं. मेथोट्रेक्सेट, साडेसात मिलिग्रॅम. आमवातावर जगभर पहिलं हेच औषध देतात. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, ठरलेल्या एका वारी. जोडीला फॉलिक ॲसिड असतं. माझ्या हातात पडलेल्या दोन्ही गोळ्या पिवळ्या होत्या, लहान, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या. त्या दिवशी यांना भट्टीवर काम होतं, म्हणून मी एकटीच गेले होते. चिठ्ठीवरचं अक्षर वाचता येत नव्हतं. दुकानातला पोरगा म्हणाला, "वारक्के ओंदु."

कन्नडमध्ये वार म्हणजे आठवडा. त्यानं बरोबरच सांगितलं होतं, आठवड्याला एक. मी मराठी कानांनी ऐकलं, वाराला एक. सोमवारी एक, मंगळवारी एक, बुधवारी एक.

नऊ दिवस मी मेथोट्रेक्सेटची गोळी रोज घेतली. सहाव्या दिवशी तोंड आलं. शेजारच्या अक्का म्हणाल्या, उष्णता झाली असेल. मी सब्जा प्यायले, जिभेला तूप लावलं. आठव्या दिवशी ताक गिळतानासुद्धा डोळ्यांत पाणी यायला लागलं. नवव्या रात्री ताप भरला. मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा पांढऱ्या पेशी चौदाशेवर आल्या होत्या. चार हजारांच्या खाली जायला नको असतात त्या. तिथल्या बाई डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "कोणती गोळी, कधी कधी घेता? मला पाकीट दाखवा." पाकीट बघून त्या क्षणभर गप्प झाल्या. मग ल्युकोव्होरिनची इंजेक्शनं सुरू झाली. हे त्या औषधावरचं उताऱ्याचं औषध. अकरा दिवसांनी मी घरी आले.

माझ्यासारखी चूक देशोदेशी झाली आहे, आणि माणसं त्यात दगावलीही आहेत. म्हणूनच सांगते, औषध वाईट नाही. मी आजही तेच घेते आणि त्याच्याच बळावर भाकरी थापते. वाईट होतं ते माझं न विचारणं.

तेव्हापासून दवाखान्यात मी माझं बोलणं स्वतः करते. हे सोबत असतात, पण खुर्चीवर मी बसते. एक वही आहे, शंभर पानी, साधी. तिच्यात मागच्या भेटीपासून काय झालं ते लिहिते: किती दिवस आखडलं, कोणता सांधा सुजला, कोणतं काम अडलं. "दुखतंय हो" म्हटलं की डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. "तवा उचलता येत नाही, एकटीला साडी नेसता येत नाही" म्हटलं की लागतं. मग डॉक्टर जे सांगतात ते मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये उलटून म्हणून दाखवते. "म्हणजे ही गोळी फक्त रविवारी, इतर दिवशी नाही, बरोबर?" त्यात लाजायचं काय? चूक असेल तर ते तिथंच दुरुस्त करतात. नीट कळलं नाही तर मुलाला फोन लावून देते. फार तर पाच मिनिटं जातात.

चिठ्ठी वाचता येत नसेल तर पुन्हा लिहून मागा. औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, हे भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांत २०१६ मध्ये आलं. आपल्या उपचारांचे कागद मागितले तर ७२ तासांत द्यावेत, हे २००२ च्या नियमांतच आहे. हे माहीत असलं की मागताना आवाज कापत नाही.

मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांना थोडं वेगळं सांगायचं आहे. रक्त, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या बरं वाटतं म्हणून चुकवू नका. त्या बरं वाटत असतानाच करायच्या असतात. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, अगदी लघवीच्या जळजळीसाठी, तरी आधी या गोळीचं नाव सांगा. ट्रायमेथोप्रिम असलेली औषधं हिच्याबरोबर घातक ठरू शकतात. मूल हवं असेल तर गोळी चालू असताना दिवस राहता कामा नयेत. आधीच डॉक्टरांशी बोला. तोंडात फोड आले किंवा ताप भरला तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी फोन करा. आणि जत्रेत कुणी पुडी दिली, दोन दिवसांत बोटं मोकळी झाली, म्हणून भुलू नका. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड सापडतं.

माझा वार रविवार. आमच्या अशोका रोडवरच्या सेंट फिलोमिना चर्चकडे सकाळी प्रार्थनेला माणसं निघाली की मी डबा उघडते. त्या गोळीसाठी वेगळी डबी आहे, झाकणावर लाल अक्षरांत रविवार लिहिलेली. घेतली की भिंतीवरच्या कालनिर्णयवर खूण करते. सूनबाई ती खूण बघते.

तुमच्या घरात कुणी आठवड्याची गोळी घेत असेल, तर आज संध्याकाळी तिचं पाकीट बाहेर काढा. त्यावर वाराचं नाव लिहिलेलं आहे का, बघा. नसेल तर आत्ताच लिहा.