डिस्कवरील राखीव हिश्श्यांविषयी

मार्कंडा (देव), ता. चामोर्शी

चि. भाच्यास,

तुझे पत्र पावले. नव्या लॅपटॉपच्या डिस्कवर ‘सी’खेरीज ज्यांस अक्षर नाही असे आणखी काही हिस्से डिस्क मॅनेजमेंटच्या नकाशात तुला आढळले आणि जागेची चणचण असताना ते पुसून ‘सी’स का जोडू नयेत, असा तुझा सवाल आहे. आपल्या जिल्ह्यातील राखीव जंगलात नांगर घालण्याची मुभा नाही, एवढ्यावरून ती जमीन पडीक असल्याचा निष्कर्ष तू काढला नसतास. मग येथेच ही घाई का?

त्यांतील सर्वांत लहान, बहुधा शंभर मेगाबाइटांचा ईएफआय हिस्सा हा सर्वांत मोलाचा होय. यंत्र सुरू होताच त्याचे फर्मवेअर प्रथम तेथे जाते, कारण ‘सी’वरील एनटीएफएस मांडणी त्यास सहसा वाचता येत नाही, फॅट मात्र येते, आणि विंडोजला जागे करणारी फाइल तेथूनच उचलली जाते. तो पुसलास, तर तुझे सारे दप्तर डिस्कवर शाबूत असूनही यंत्र सुरू व्हावयाचे नाही. शिवाय तो नकाशात ‘सी’च्या अलीकडे असतो आणि विंडोजचे अंगचे साधन ‘सी’स लगतच्या पलीकडील मोकळी जागाच जोडते, म्हणजे एवढे नुकसान पत्करूनही पदरात काही पडणार नाही.

‘सी’च्या पलीकडचा रिकव्हरी हिस्सा विंडोज बिघडल्यास तिच्या दुरुस्तीची साधने राखतो. तोही फाजील नाही, किंबहुना कधी अपुराच पडतो: जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चे एक सुरक्षा-अद्यतन जगभरच्या कित्येक यंत्रांवर बसेना, तेव्हा या हिश्श्यात २५० मेगाबाइट मोकळी जागा हवी, असे मायक्रोसॉफ्टला कळवावे लागले. जंगलपट्टीत, जेथे मोबाइलच्या क्षीण रेंजवर कित्येक गिगाबाइटांची विंडोज उतरवून घेणे दुष्कर, तेथे ही शिबंदी घरातच असणे किती सोयीचे, हे मी तुला सांगावयास नको.

कारखान्यातून आलेल्या विंडोजची मूळ प्रत ठेवणारा, दहा-वीस गिगाबाइटांचा निराळा हिस्सा काही कंपन्या देतात. तेवढा मात्र, त्याची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन आणि ती खरोखर चालते याची खातरजमा करून, काढण्यास माझी हरकत नाही. एक ताकीद तेवढी ध्यानात ठेव: हे सारे हिस्से त्याच एका डिस्कवर असतात, डिस्क गेली की तेही गेले, आणि ते विंडोज राखतात, तुझे फोटो वा प्रबंध राखीत नाहीत. फोटो-प्रबंधांची प्रत बाहेरच्या डिस्कवर आजच कर.

जागाच हवी असेल तर आधी डाउनलोड्सचा फोल्डर चाळ, आणि ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाची जुनी अडगळ असल्यास ती सेटिंग्जमधील स्टोरेजमधून काढ. महाशिवरात्रीच्या यात्रेस येशील तेव्हा लॅपटॉप आणि एक रिकामा पेनड्राइव्ह घेऊन ये. रिकव्हरी ड्राइव्ह आपण येथेच बनवू.

तुझा,
मामा