टबीथेची सुई आणि आपली गोधडी

(धडा : प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय ९, वचनें ३६ ते ४२)

यापो हें समुद्रकांठचें बंदर. तेथें टबीथा नांवाची एक शिष्या राहत असे. ग्रीक भाषेंत तिला दर्कस म्हणत, आणि दोन्ही नांवांचा अर्थ हरिणी असा आहे. ज्या ग्रीक शब्दानें तिला शिष्या म्हटलें आहे, तो सबंध नव्या करारांत ह्या एकाच ठिकाणीं आला आहे. असा मान जिला मिळाला तिनें उपदेश केला किंवा मंडळी स्थापिली असें लूक लिहीत नाहीं. तिनें सुई चालविली. पेत्र लोदाहून आला तेव्हां विधवा रडत उभ्या होत्या, व टबीथा त्यांच्यामध्यें असतां तिनें केलेले अंगरखे व वस्त्रें त्यास दाखवीत होत्या. मूळ ग्रंथांत येथें दोन निरनिराळे शब्द आहेत : एक अंगालगतच्या कपड्याचा व दुसरा वरून घ्यावयाच्या वस्त्राचा.

हें वरचें वस्त्र दिवसा अंगावर व रात्रीं पांघरावयास असे. म्हणूनच निर्गमाच्या २२ व्या अध्यायांत आज्ञा आहे कीं, गरिबाचें वस्त्र गहाण घेतलें तर सूर्य मावळण्यापूर्वीं तें परत करावें. कारण निजतांना त्याजपाशीं दुसरें कांहीं नसतें. विधवेचें वस्त्र गहाण घेण्यास तर अनुवादाच्या २४ व्या अध्यायांत साफ मनाई आहे. तेव्हां टबीथेनें त्या विधवांस रात्रीची ऊबही दिली. आपल्या खेड्यांत हें काम गोधडी करिते.

गोधडी कशी शिवावी हें आमच्या वाचक भगिनींस आम्हीं शिकवावें असें नाहीं. जुनीं लुगडीं, धोतरें एकावर एक घालावयाचीं, कडेपासून धावदोरा घालीत फेऱ्याफेऱ्यांनीं मध्यापर्यंत यावयाचें, फाटलें असेल तेथें ठिगळ लावावयाचें. आमच्या ओळखीच्या एका भगिनीस ह्या कामाची मोठी हौस आहे. गेल्या पावसाळ्यांत तिनें शेजारच्या बाळंतिणीसाठीं दोन दुपटीं शिवलीं. मग लेकीसाठीं चौकटीचौकटींची एक रंगीत गोधडी केली. आणि दसऱ्यापासून ती ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांसाठीं शिवीत आहे. बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून अशीं पुष्कळ कुटुंबें पावसाळा सरल्यावर साखर कारखान्यांकडे जातात व सारा हिंवाळा कोप्यांत काढितात. आईबाप अंधारांतच फडावर जातात. मुलें मागें निजून राहतात.

कोणी उपदेशक विचारतात कीं, दान द्यावयाच्या वस्तूस नक्षी कशाला? तेवढ्या वेळांत दुसरी गोधडी झाली असती. हा हिशेब आम्हांस पटत नाहीं. निवासमंडपाच्या कामीं कसबी स्त्रियांनीं निळें, जांभळें व किरमिजी सूत कातून आणिलें, असें निर्गमाच्या ३५ व्या अध्यायांत आहे. नुसतें पांढरें चालेल असें तेथें कोणी म्हटलें नाहीं. कर्नाटकांत हल्याळ व यल्लापूर ह्या भागांत सिद्दी लोक राहतात. त्यांच्यांत ख्रिस्ती, मुसलमान व हिंदू असे तिन्ही आहेत. त्यांच्या स्त्रिया गोधडीच्या चारही कोपऱ्यांस कापडाच्या घड्यांचीं लहान फुलें लावितात. तीं नसतील तर गोधडी उघडी राहिली असें मानितात. हे लोक धनवान नव्हेत.

कापडाविषयीं मात्र सावध असावें. हल्लींचीं बरींच लुगडीं सुती नसतात. तसलें कापड घाम शोषीत नाहीं, आणि चुलीची ठिणगी पडली तर वितळून अंगास चिकटतें. तान्ह्या मुलासाठीं व कोपीसाठीं सुतीच कापड घ्यावें, आधीं गरम पाण्यांत धुवावें, कडक उन्हांत वाळवावें. जें आपण आपल्या मुलावर घालणार नाहीं तें पायपुसण्यास ठेवावें.

आतां जें बोलणें कठीण आहे तें. ह्या भगिनीनें मंडळींतून जुनें कापड मागितलें, तेव्हां एका घरानें लुगडें तर दिलें, पण अमक्या घरच्या कापडाशीं तें जोडूं नये असें बजावलें. कारण सांगण्याची गरज नाहीं. बाप्तिस्म्यापूर्वींच्या जातीचें नांव वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. तिनें वाद केला नाहीं. लुगडें घडी करून परत दिलें. तिनें योग्य केलें असें आमचें मत आहे, जरी त्यामुळें एक गोधडी कमी झाली. तें लुगडें अद्याप परत आलेलें नाहीं.

दुसरी गोष्ट अटीची. गोधडी देतांना उपासनेस येण्याची अट घालूं नये, सूचनाही करूं नये. पेत्रानें पवित्र जन व विधवा यांस बोलाविलें असें लूक लिहितो. एवढ्यावरून त्या सर्व विधवा मंडळीबाहेरच्या होत्या असें ठरत नाहीं. परंतु टबीथेनें वस्त्र देण्यापूर्वीं कोण आंतलें व कोण बाहेरचें हें विचारलें असेंही कोठें लिहिलेलें नाहीं. यापोंत पुष्कळांनीं विश्वास धरिला तो पुढें, आणि देवानें तिला उठविलें म्हणून.

उपदेशकांनीं हा धडा शक्य तर स्त्रियांच्या सभेंत, सुईदोरा हातीं असतां घ्यावा. आधीं गांवांत ह्या हिंवाळ्यांत कोणापाशीं पांघरूण नाहीं हें घरोघर जाऊन पाहावें, एका कोपींत किती जण निजतात व सर्वांत उंच मूल केवढें आहे हें विचारावें, आणि मग त्या मापानें कापड काढावें.