पुष्कळांचे सुख आणि थोड्यांचे दुःख
(धम्म-अभ्यासवर्ग : नीतीची तीन मापे)



बहुजनांचे हित हा शब्द आपण विहारात ऐकतो, सभेत ऐकतो आणि निवडणुकीच्या भाषणातही ऐकतो. परंतु पुष्कळांचे हित साधताना थोड्यांचे घर बुडत असेल, तर ते कृत्य योग्य की अयोग्य? पूर्वी असा प्रश्न आपण भगताला किंवा पोथीला विचारला असता. धम्म स्वीकारल्यावर तो आपल्याच बुद्धीने सोडवावा लागतो. म्हणून या पाठात नीतिशास्त्रातील तीन मापे समजून घेऊ आणि ती आपल्याच जिल्ह्यातील एका खऱ्या प्रश्नाला लावून पाहू.

प्रश्न कोणता?

खांडबाऱ्याहून उत्तरेस तापी ओलांडून सातपुडा चढला, की अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांच्या पलीकडच्या कडेने नर्मदा वाहते. तिच्यावर गुजरातेत केवडियाजवळ सरदार सरोवर धरण बांधले गेले. १९६१ साली त्याची कोनशिला बसली. राज्याराज्यांतील तंट्यावर नेमलेल्या लवादाने १९७९ साली निवाडा दिला. २०१७ साली, १३८.६८ मीटर उंचीपर्यंत पूर्ण झालेल्या या धरणाचे लोकार्पण झाले. त्याच्या बुडीत क्षेत्रात मध्य प्रदेश, गुजरात आणि महाराष्ट्र मिळून २४५ गावे आली. त्यांपैकी महाराष्ट्रातील ३३ गावे आपल्याच जिल्ह्यातली, बहुतेक सारी आदिवासींची.

पहिले माप : परिणाम

इंग्लंडातील बेंथॅम आणि त्याच्यानंतर मिल या विचारवंतांनी असे मांडले, की ज्या कृत्याने जास्तीत जास्त लोकांना जास्तीत जास्त सुख मिळते ते कृत्य चांगले. याला परिणामवाद म्हणता येईल. कृत्य रूढीला धरून आहे की नाही हे तो विचारत नाही, फळ काय आले ते विचारतो. आपल्याला हे माप जवळचे वाटते ते त्यामुळेच.

या मापाने धरणाचा हिशेब करू. गुजरातेत सुमारे १८ लाख हेक्टर जमीन भिजवण्याची योजना; कच्छ-सौराष्ट्रातील तहानलेल्या गावांना पिण्याचे पाणी; राजस्थानलाही वाटा; विजेपैकी २७ टक्के महाराष्ट्राला. दुसऱ्या पारड्यात बुडालेली गावे. नुसती डोकी मोजली तर निकाल धरणाच्या बाजूने लागतो. धरण म्हणजे वाईटच, असे आपण म्हणू शकत नाही. बाबासाहेब स्वतः १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, पाणी आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते, आणि दामोदर नदीच्या बहुउद्देशीय योजनेचा त्यांनी पुरस्कार केला होता.

परंतु या मापात दोन उणिवा आहेत. पहिली, मोजणाऱ्याने ज्याला मोजलेच नाही त्याचे दुःख हिशेबात येत नाही. पिढ्यान्पिढ्या वनजमीन कसणाऱ्या ज्या कुटुंबांच्या नावावर सातबारा नव्हता, ती कागदावर केवळ अतिक्रमणदार ठरली. दुसरी उणीव याहून मोठी. एका घरात आलेल्या सुखाने दुसऱ्या घरातले दुःख पुसले जात नाही. गावाचा गाडा चालावा म्हणून काही घरांनी मेलेली ढोरे ओढावीत, हा हिशेबही गावाने 'पुष्कळांच्या सोयीचा' म्हणूनच मांडला होता. त्या हिशेबात थोडे कोण होते, ते आपल्या आजोबांना माहीत होते.

दुसरे माप : कर्तव्य

जर्मनीतील कांट या तत्त्वज्ञाने सांगितले, की माणसाला केवळ दुसऱ्याच्या उपयोगाचे साधन म्हणून कधीही वापरू नये. फायदा कितीही असो, दिलेला शब्द पाळलाच पाहिजे. संविधानात मूलभूत हक्क आहेत तेही बहुमताला मर्यादा असावी म्हणूनच.

लवादाचा निवाडा हा असाच एक शब्द होता. ज्याची २५ टक्क्यांहून अधिक जमीन जाईल त्याला जमिनीच्या बदल्यात जमीन, ती किमान दोन हेक्टर, सज्ञान मुलाचे कुटुंब वेगळे धरायचे, आणि हे सारे बुडीत येण्याआधी. शब्द पुरा पाळला गेला का? जागतिक बँकेने नेमलेल्या स्वतंत्र समितीने १९९२ साली पुनर्वसनाच्या कामात गंभीर दोष दाखवले, आणि १९९३ साली उरलेले कर्ज रद्द झाले.

याही मापाची अडचण आहे. कधी दोन कर्तव्ये एकमेकांसमोर उभी राहतात. तहानलेल्याला पाणी देणे हेही कर्तव्य आणि कुणाचे घर न बुडवणे हेही कर्तव्य. आपल्याकडे तळोदा तालुक्यात वनजमीन मोकळी करून विस्थापितांना वसवले, तेव्हा तीच जमीन आधीपासून कसणारे भूमिहीन लोक समोर आले. एकाची भरपाई दुसऱ्याची हानी झाली.

तिसरे माप : चित्त आणि सावधपणा

भगवान बुद्धांनी राहुलाला केलेला उपदेश आठवा. कृत्य करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर, तिन्ही वेळा पाहावे, की यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही इजा होते का. यात परिणाम आहे, कर्तव्य आहे आणि करणाऱ्याचे चित्तही आहे. 'करताना' हा शब्द विशेष महत्त्वाचा. एकदा ठरले म्हणून डोळे मिटून पुढे जाणे हा धम्म नव्हे.

धरण काही एका रात्रीत उभे राहत नाही, ते मीटरामीटराने चढते. सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी दोन विरुद्ध एक अशा मताने काम पुढे नेण्यास परवानगी दिली, ती आधी ९० मीटरपर्यंत. पुढची उंची पुनर्वसनाच्या बरोबरीने वाढवावी, असे ठरले. म्हणजे प्रत्येक टप्प्यावर थांबून विचारण्याची संधी होती, की खाली कोण उरले आहे?

निष्कर्ष

तिन्ही मापे लावल्यावर असे दिसते, की धरण बांधणे हे स्वतः पाप नाही. परंतु ज्याला शब्द दिला त्याच्या हाती जमीन येण्याआधी त्याच्या दारात पाणी आणणे हे अयोग्य, आणि लाभ घेणाऱ्यांची संख्या कितीही मोठी असली तरी ते योग्य ठरत नाही. आधी माणूस आणि त्याला दिलेला शब्द, मग बेरीज. हा क्रम उलटला की 'बहुजनहित' हा शब्दच अन्यायाचे हत्यार होतो.

हाच हिशेब आपल्या घरातही चालतो. आईबाप ऊसतोडीला किंवा मजुरीला जातात. धाकटी भावंडे सांभाळायला थोरल्या मुलीला शाळेतून काढतात आणि म्हणतात, 'एकीने थांबले तर चौघांचे भले होते.' बेरीज बरोबर आहे, पण त्या मुलीला कुणी विचारले? तिची शाळा बुडाली त्याची भरपाई कोण करणार? तीही या घरातले एक गाव आहे.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात कुणाच्या त्यागावर बाकीच्यांचे सुख उभे आहे? तो त्याग त्याने आपणहून केला की त्याच्याकडून करवून घेतला?

२. ज्याला आपण असा शब्द दिला होता, तो पाळला का?

३. सुरू केलेल्या कामातून कुणाला इजा होते असे दिसले, तर मध्येच थांबण्याची आपली तयारी आहे का?

उत्तरे लिहून काढा. लिहिताना थोरल्या मुलीलाही जवळ बसवा.